मास्तर कृष्णराव : गळ्यातून बँडवर

लग्नाची वरात निघाली, की पुढे बँड हा हवाच. ओळखीची चाल कानी पडली, की रस्त्यावरचा माणूसही क्षणभर थांबतो आणि नकळत पायाने ठेका धरतो. पण ती चाल मुळात कोणाच्या तरी गळ्यात जन्मलेली असते आणि ती क्लॅरिनेट-कॉर्नेटच्या तोंडी घालण्यासाठी कोणीतरी डोके खर्ची घातलेले असते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. वरातीतले गाणे बिघडले तर आपण हसून सोडून देतो. परंतु प्रश्न राष्ट्राच्या गीताचा असेल, आणि बँडवर बसत नाही म्हणून ते गीतच मागे राहणार असेल, तर? असा प्रसंग महाराष्ट्रातील एका थोर गवयावर आला होता. त्यांचे नाव मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर. नाट्यसंगीताचे रसिक त्यांना गायक व संगीत-दिग्दर्शक म्हणून ओळखतात. त्यांच्या आयुष्यातील बँडचे प्रकरण मात्र तरुण वाचकांना फारसे ठाऊक नसते. ते समजून घ्यायचे, तर आधी त्यांची तालीम कशी झाली हे पाहिले पाहिजे.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाची आळंदी येथे झाला. ज्ञानेश्वरांच्या समाधीमुळे आळंदीच्या हवेतच अभंग आणि टाळ-मृदंग भरलेले. मुलाचा आवाज गोड, चलाख आणि निर्भय होता. त्या काळी अशा मुलाला दोनच वाटा असत, एक कीर्तनाची आणि दुसरी नाटक कंपनीची. १९११ च्या सुमारास कृष्णराव नाट्यकला प्रवर्तक संगीत मंडळीत दाखल झाले आणि बालनट म्हणून गाजू लागले. बालवयातच मिळालेली ‘मास्तर’ ही उपाधी त्यांना पुढे जन्मभर चिकटून राहिली.

या मंडळीत त्यांना सवाई गंधर्वांचा सहवास लाभला. सवाई गंधर्व म्हणजे धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ कुंदगोळकर. घरची भाषा कन्नड आणि रंगभूमी मराठी, असा हा थोर गवई होता. आमच्या अंकात मराठी व कन्नड असे दोन विभाग शेजारी शेजारी नांदतात. नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात तर या दोन भाषा एकाच पंगतीला बसत. आज आपण ज्याला मराठी नाट्यसंगीत म्हणतो, त्यात कानडी गळ्यांचा वाटा केवढा मोठा आहे, हे त्यावरून कळून येते.

पुढे कृष्णरावांना खरे गुरू लाभले ते गायनाचार्य भास्करबुवा बखले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या भास्करबुवांनी थोर उस्तादांजवळ राहून, सेवा करून मिळविली होती. काही वर्षे ते धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकही होते. १९११ साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाज ही संस्था स्थापन केली. बालगंधर्वही त्यांचेच शिष्य. अशा गुरूच्या पायाशी कृष्णराव बसले आणि मैफलींत त्यांच्यामागे बसून गाण्याची साथ करू लागले.

ही तालीम कशी असे, हे आपण विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घेतले पाहिजे. तिला ठरीव पाठ्यपुस्तक नव्हते. गुरूने स्वर लावायचा, शिष्याने तो उचलायचा; चुकला की पुन्हा. एखादी जागा शंभर वेळा घोटायची, आणि ती गळ्यात बसली की गुरूने ती उद्या वेगळ्याच रीतीने गाऊन दाखवायची! अशा शिक्षणात चीज कधीही दोनदा तंतोतंत सारखी गायिली जात नाही. किंबहुना तशी गायिली तर तो दोष मानला जाई. त्याच क्षणी सुचलेले त्याच क्षणी गळ्यातून काढणे ही गवयाची शान. कृष्णरावांचे गाणे याच बाबतीत प्रसिद्ध होते. चपळ, हसरे, अनपेक्षित वळणे घेणारे आणि थोड्या वेळात पुष्कळ सांगून जाणारे असे ते गाणे होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे त्यांना नेमके याच्या उलट काम करावयाचे होते.

८ एप्रिल १९२२ रोजी भास्करबुवा निवर्तले. कृष्णराव तेव्हा अवघे २४ वर्षांचे होते. गुरूंनी गंधर्व नाटक मंडळीला चाली दिल्या होत्या. आता ती जबाबदारी शिष्याकडे आली. त्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष अशी मंडळी होती. त्यांच्या साथीने, बालगंधर्वांच्या गळ्यासाठी चाली बांधावयाच्या म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कान्होपात्रा’ नाटकातील अभंगांना त्यांनी दिलेल्या चाली आजही देवळांत आणि मैफलींत ऐकू येतात. पुढे नाट्यनिकेतनच्या ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकाला त्यांनी संगीत दिले व ज्योत्स्ना भोळे यांच्या गळ्यातून त्या चाली घरोघर पोहोचल्या.

मध्यंतरी बोलपटांचा जमाना सुरू झाला होता. प्रभात फिल्म कंपनीने कृष्णरावांना बोलाविले आणि ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९), ‘शेजारी’ (१९४१) अशा चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. ‘माणूस’मध्ये शांता हुबळीकर यांनी गायिलेले, अनेक भाषांचे तुकडे एकत्र गुंफलेले गाणे फार गाजले. त्या मूळच्या हुबळी भागातल्या. नाटकात पद रंगले तर वन्समोअर मिळतो आणि गवई ते वाढवीत नेतो. चित्रपटात मात्र फीत संपली की गाणे संपले. मोजक्या मिनिटांत बसणारी आणि सामान्य माणसाला पहिल्याच फटक्यात उचलता येणारी चाल करण्याची कला कृष्णराव येथे शिकले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता ‘वंदे मातरम्’कडे वळू. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची ‘आनंदमठ’ ही कादंबरी १८८२ साली पुस्तकरूपाने आली. त्यातील हे गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी गायिले. वंगभंगाच्या चळवळीपासून ते देशभर पसरले. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात विष्णु दिगंबर पलुसकरांनी विरोधाला न जुमानता ते पूर्ण केले. गीतातील पुढच्या कडव्यांतील देवीच्या वर्णनाला मुसलमान बांधवांची हरकत होती. म्हणून १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीने पहिली दोनच कडवी गावीत असे ठरविले. या गीताला निरनिराळ्या गवयांनी निरनिराळ्या चाली दिल्या. कृष्णरावांनी त्याला झिंझोटी रागाची चाल दिली. हा राग खमाज थाटातला. त्यात निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध, आणि चलन मुख्यतः मंद्र व मध्य सप्तकातले. म्हणजे गळा तयार नसलेल्या माणसालाही तो ओढून-ताणून गावा लागत नाही. समूहाने म्हणावयाच्या गीताला ही निवड किती योग्य होती, हे यावरून दिसते.

परंतु तो काळ इंग्रजी अमलाचा होता. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर कृष्णरावांनी आपल्या कार्यक्रमात ‘वंदे मातरम्’ सुरू केले, तेव्हा प्रक्षेपण बंद करण्यात आले. मानी कलावंताने त्यावर एकच उत्तर दिले. त्यांनी आकाशवाणीवर गाणेच सोडले. रेडिओ म्हणजे कलावंताची कीर्ती आणि मिळकत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला त्या नुकसानीचा हिशेब चटकन कळतो. तो बहिष्कार त्यांनी देश स्वतंत्र होईपर्यंत पाळला.

१९४७ साली स्वातंत्र्य आले आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. स्वतंत्र देशाला राष्ट्रगीत हवे. परदेशी पाहुणे येणार, आपले वकील परदेशी जाणार, ध्वज चढणार. त्या प्रत्येक प्रसंगी गायक हजर असतोच असे नाही, पण बँड असतो. त्याच वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या वेळी आपल्या प्रतिनिधिमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. मंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तिच्यावरून तेथील वाद्यवृंदाने ते बसविले आणि अनेक देशांच्या प्रतिनिधींना ते आवडले. पंडित जवाहरलाल नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीत निवेदन करताना हा प्रसंग सांगितला. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, ती वाद्यवृंदावर व लष्करी बँडवर नीट वाजली पाहिजे, परक्या कानांनाही भावली पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. या कसोटीला ‘वंदे मातरम्’ उतरत नाही, असे त्यांचे मत पडले.

खरे पाहता ‘जन गण मन’ला या बाबतीत पूर्वतयारीचा लाभ होता. ११ सप्टेंबर १९४२ रोजी जर्मनीत हँबुर्ग येथे सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ते वाद्यवृंदावर वाजले होते. पुढे आझाद हिंद फौजेने त्याच चालीवर आधारलेले कौमी गीत स्वीकारले, आणि त्या फौजेच्या बँडचे प्रमुख कॅप्टन रामसिंग ठाकुरी हे गुरखा पलटणीच्या बँडमध्ये मुरलेले गृहस्थ होते. म्हणजे एका गीतामागे तयार बँडमास्तर उभा होता. दुसऱ्यामागे उभा होता तंबोऱ्यावर वाढलेला गवई.

हे काम गवयाला अवघड का, ते थोडक्यात पाहू. बँड म्हणजे मुख्यतः फुंकून वाजविण्याच्या वाद्यांचा मेळ. त्यात बासरी व क्लॅरिनेट, कॉर्नेट व ट्रंपेट, हॉर्न, ट्राँबोन, युफोनियम, खर्जाला बास आणि तालाला ड्रम. तीसचाळीस माणसांनी एका क्षणी सुरुवात करून एका क्षणी थांबावयाचे, तर प्रत्येकापुढे कागद हवा आणि सर्वांपुढे छडी घेतलेला बँडमास्तर हवा. प्रत्येक वाद्याचा कागदही निराळा. बी-फ्लॅटच्या क्लॅरिनेटवाल्याने कागदावरचा ‘सी’ वाजविला, की कानाला ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. ई-फ्लॅटच्या हॉर्नचा हिशेब आणखी वेगळा. म्हणून एकच चाल निरनिराळ्या पट्ट्यांत लिहून काढावी लागते. शिवाय आपले गाणे एकसुरी. बँडला मात्र मुख्य चालीच्या खाली जुळणारे दुसरे-तिसरे स्वर भरावे लागतात, नाही तर सारा मेळ पोकळ वाटतो.

त्याहून मोठी अडचण मींडेची. गळा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि आपल्या रागांचा जीव त्या घसरण्यात असतो. कॉर्नेटला तीन झडपा. एक स्वर सोडला की दुसरा, मधली वाट फारशी नाही. मेळात ट्राँबोनची तेवढी नळी सरकते. म्हणजे चालीतल्या कोणत्या मींडी सोडावयाच्या आणि कोणते स्वर सरळ उभे करावयाचे, हे ठरवावे लागते. पुन्हा लय पक्की हवी; लष्करी कवायतीची पावले मिनिटाला सुमारे १२० पडतात. आज ‘जन गण मन’ पूर्ण वाजविण्यास ५२ सेकंद लागतात, यावरून अशा गीताला किती नेटके असावे लागते, याची कल्पना येईल. गवई मात्र दहा मिनिटे नुसती आलापीच करील!

तथापि गवई आणि बँडवाला यांच्यात एक नाते आहे, ते म्हणजे श्वासाचे. सतारीला दम लागत नाही, क्लॅरिनेटला लागतो. गायकाने जेथे श्वास घ्यावा, तेथेच फुंकणाऱ्यालाही घ्यावा लागतो. गळ्यासाठी नीट बांधलेल्या चालीत श्वासाच्या जागा अगोदरच ठरलेल्या असतात, आणि तेवढ्यापुरती ती बँडला सोयीचीच पडते.

कृष्णराव तेव्हा पन्नाशीला आले होते. नाव झाले होते. मत पटले नाही म्हणून वर्तमानपत्रांत पत्रे लिहून ते मोकळे होऊ शकले असते. पण बँडवर वाजत नाही हा आक्षेप असेल, तर त्याला उत्तर बँडवर वाजवूनच दिले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. मुंबई पोलिस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांची त्यांनी गाठ घेतली. एक मास्तर गळ्याचा, दुसरा बँडचा. एकाची विद्या कानांत, दुसऱ्याची कागदावर. गीताची चाल पाश्चात्त्य पद्धतीने स्वरांकित झाली, बँडच्या वाद्यांवर बसविली गेली आणि पोलिस बँडने ती वाजविली. जन्मभर चीज दोनदा सारखी न गाणाऱ्या या गवयाने येथे एक स्वरही इकडचा तिकडे होऊ नये अशी चाल तयार केली.

येथे आपल्या मुलखाचाही थोडा उल्लेख करावासा वाटतो. मुंबईच्या बँडांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्या काळी गोव्याचे वादक पुष्कळ असत. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवीत. पोटासाठी ही मुले बाहेर पडत. त्यांच्या आगगाडीची वाट आपल्या जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक स्टेशनावरून घाट चढून लोंढ्याकडे जाई. कागदावरचे स्वर वाचून वाजविणारी आणि कानाने शिकून गाणारी अशा दोन परंपरा मुंबईत एकत्र आल्या, त्यांपैकी एकीची पाऊलवाट आपल्या दारावरून गेली आहे.

१९४७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत कृष्णराव या कामासाठी दिल्लीला खेटे घालीत राहिले. नेहरूंना त्यांनी गीत ऐकविले. घटना समितीच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिक करून दाखविले. गाऊन, समूहाकडून गाववून आणि बँडवरही वाजवून अशा तिन्ही रीतींनी त्यांनी आपली बाजू मांडली. गीत बँडवर वाजू शकते एवढे तरी त्यामुळे सिद्ध झाले.

निकाल मात्र त्यांना हवा तसा लागला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे जाहीर केले आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कामगिरी बजावलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील असे सांगितले. या निर्णयामागे केवळ बँडचा प्रश्न नव्हता. सर्व धर्मांच्या लोकांना मोकळ्या मनाने म्हणता यावे हा विचारही होता, आणि तो क्षुल्लक मानता येणार नाही. त्या विचाराला स्वरलिपीने उत्तर देता येण्यासारखे नव्हते. कृष्णरावांच्या हाती चाल होती. त्यांनी चालीपुरते उत्तर दिले.

पुढील आयुष्यातही त्यांनी कटुता बाळगली असे दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. सनातनी आळंदीत जन्मलेल्या गवयाने ते काम तितक्याच निष्ठेने केले, हे विशेष. गुरूंच्या भारत गायन समाजाचा भार त्यांनी वाहिला. राम मराठे, योगिनी जोगळेकर यांसारखे शिष्य तयार केले. आणि ‘राग संग्रह’ या नावाने चिजांचे स्वरलेखन करून सात भाग प्रसिद्ध केले. ज्या विद्येला कागदाचे वावडे, तीच विद्या त्यांनी पुढच्या पिढीसाठी कागदावर उतरविली. भारत सरकारने १९७१ साली त्यांना पद्मभूषण दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

या चरित्राचा जमाखर्च कसा मांडावा? ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी उतारवयात सर्वांत जास्त धडपड केली, ती पदरात पडली नाही. म्हणून ती खर्ची टाकावी काय? मला तसे वाटत नाही. एखादी गोष्ट जमणार नाही असे अधिकारी माणसाने सांगितले, की आपण एक तर गप्प बसतो किंवा भांडतो. तिसरी वाट कृष्णरावांनी दाखविली. आक्षेपाचा जेवढा भाग आपल्या हातच्या विद्येने खोडून काढता येण्यासारखा आहे, तेवढा तरी काम करून खोडून काढावा. त्यासाठी पन्नासाव्या वर्षी दुसऱ्याच्या विद्येपुढे विद्यार्थी म्हणून बसावे लागले तरी बसावे. आणि मग निकाल काय लागेल तो मानून पुढच्या कामाला लागावे. ज्या माणसाला लहानपणापासून लोक मास्तर म्हणत आले, तो असा शेवटपर्यंत शिकत राहिला.